चेहरा जुळला नाही तरी चालेल

आंघोळीनंतर बाथरूमच्या आरशावर वाफ धरते. त्या वेळी आरशासमोर उभं राहावं, एक डोळा मिटावा आणि वाफेवर बोटाने आपल्या चेहऱ्याची कड गिरवावी. मग बाजूला होऊन ती आकृती पट्टीने मोजावी. ती आपल्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. आरशाच्या जवळ जाऊन गिरवा किंवा दोन पावलं मागे सरून, माप बदलत नाही. कारण आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते आणि काच नेमकी मधोमध येते. कलेतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी ‘आर्ट अँड इल्यूजन’ या 1960 च्या ग्रंथात हा प्रयोग सांगितला आहे, आणि करून पाहिल्याशिवाय तो सहसा कुणाला पटत नाही. दात घासताना, दाढी करताना, टिकली लावताना रोज आपण ज्या चेहऱ्याकडे बघतो, तो काचेवर निम्म्या आकाराचा असतो आणि हे जन्मभर आपल्या ध्यानात येत नाही.

शिवाय तो डावा-उजवा बदललेला असतो. 1977 मध्ये थिओडोर मिटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशात दिसते तशी उलटी. मुलींना स्वतःची उलटी प्रत जास्त पसंत पडली, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. ज्याची सवय तेच बरं दिसतं. लग्नाच्या अल्बममधला आपला फोटो पाहून ‘मी अशी दिसते?’ असं जे वाटतं, त्याचं एक कारण इतकं साधं आहे. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाचे जिओव्हानी कापुतो यांनी 2010 मध्ये याहून चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांनी पन्नास जणांना मंद उजेडात, एकेकट्याला, दहा मिनिटं आरशात स्वतःकडे बघत बसवलं. जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांना आपला चेहरा विलक्षण वेडावाकडा झालेला दिसला. काहींना अनोळखी माणूस दिसला, काहींना आपली आई किंवा वडील. नजर एका जागी खिळून राहिली की कडेचे तपशील पुसट होत जातात, आणि रिकाम्या झालेल्या जागा मेंदू आपल्या मनाने भरतो.

ज्या चेहऱ्याविषयी आपली मतं सर्वांत ठाम असतात, नाक बसकं, कपाळ मोठं, हसू वाकडं, त्याच चेहऱ्याची आपली ओळख अशी कच्ची असते. निकाल पक्का आणि तपास अपुरा. चिंतेने आणि अचूकतेच्या हट्टाने, ज्याला आपण सर्रास परफेक्शनिझम म्हणतो, गांजलेल्या माणसाचं स्वतःशी नातं नेमकं असंच असतं. म्हणून स्वतःचं चित्र काढणं, तेही जाणूनबुजून साम्य जुळणार नाही अशा पद्धतीने, हा चिंता आणि हट्ट या दोन्हींकडे बघण्याचा एक चांगला मार्ग आहे असं मला वाटतं. त्यात निकाल देणाऱ्याला काम उरत नाही, तपास मात्र चालू राहतो.

आधी आरशाविषयी. शेली ड्युव्हाल आणि रॉबर्ट विकलंड यांनी 1972 मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा सारांश असा, की माणसाचं लक्ष स्वतःवर वळलं की तो लगेच स्वतःची तुलना ‘आपण कसे असायला हवे’ या मनातल्या मापाशी करू लागतो. लक्ष वळवायला समोर एक आरसा ठेवला तरी पुरतं. त्या काळच्या प्रयोगांत असंही दिसलं, की ज्यांना नुकतंच ‘तुम्ही कमी पडलात’ असं सांगितलं होतं ते आरसा असलेल्या खोलीतून लवकर बाहेर पडले. तेव्हा आरसा समोर ठेवून पेन्सिल हातात घेणं हे मुळातच सोपं काम नाही. त्यात दुहेरी परीक्षा असते. चेहरा चांगला आहे का, आणि चित्र चांगलं आहे का.

आता परफेक्शनिझमविषयी थोडं नीट बोलायला हवं, कारण तो आपल्याकडे दोषापेक्षा कौतुकाचा शब्द आहे. मुलाखतीत ‘तुमची उणी बाजू कोणती’ असं विचारलं की ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ठरलेलं. पण काम उत्तम व्हावं ही इच्छा वेगळी आणि हा हट्ट वेगळा. रॉझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी 2002 मध्ये या त्रासाचं वर्णन केलं. माणूस आपली सगळी किंमत स्वतःच घालून घेतलेल्या कठोर मापावर ठरवतो आणि त्यापायी नुकसान होत असलं तरी ते माप सोडत नाही. माप गाठलं तर समाधान व्हावं, तर तेही नाही. गाठलं म्हणजे ते पुरेसं अवघड नव्हतं, असं तो ठरवतो आणि पट्टी वर सरकवतो. हरला तर हरलाच, जिंकला तरी हरला.

कॅनडातले पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये याचे तीन प्रकार वेगळे केले. स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि ‘सगळे माझ्याकडून अचूकपणाची अपेक्षा करताहेत’ ही समजूत. यातला तिसरा प्रकार सर्वांत जाचक. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41,641 महाविद्यालयीन तरुणांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि हा तिसरा सर्वांत जास्त, 33 टक्क्यांनी. ही आकडेवारी त्या तीन देशांची आहे. पण दहावी-बारावीचं वर्ष घरात पाहिलेल्या कुणालाही तिसरा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

हा हट्ट प्रत्यक्षात कसा दिसतो? टाळण्याच्या आणि तपासण्याच्या रूपात. काम सुरूच करायचं नाही, कारण सुरू केलं तर ते चुकू शकतं. सुरू केलं तर दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायचं. पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचायचा, दाराची कडी नव्हे तर स्वतःचं वाक्य तीनदा तपासायचं. चिंता अशा तपासण्याने क्षणभर उतरते, म्हणूनच ती सवय पक्की होते. आणि चित्रकलेत तपासण्याचं हत्यार म्हणजे खोडरबर.

महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळांची चित्रकलेशी शेवटची गंभीर भेट एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांत झालेली असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. समोर बादली, तिच्यावर टाकलेलं कापड, शेजारी एखादं फळ. एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. बादलीच्या तोंडाची लंबवर्तुळं जुळेपर्यंत खोडायचं. ही शिस्त फार मोलाची आहे, हात आणि नजर तिथेच घडतात, आणि परीक्षेला मोजमाप लागणारच. पण ‘मला चित्र येत नाही’ असं म्हणणाऱ्या असंख्य मोठ्या माणसांच्या मनात चित्र म्हणजे तेवढंच उरलं आहे, जुळलं किंवा नाही जुळलं. अशा माणसाला आरशासमोर बसवून ‘स्वतःचं चित्र काढा’ म्हटलं तर तो आधी लंबगोल काढतो, त्यात दोन बदाम म्हणजे डोळे, आणि ते बहुधा फार वर. डोळे खरं तर डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण कपाळ आणि केस ‘महत्त्वाचे नाहीत’ म्हणून आपण ती जागा आखडतो. मग चित्र परकं दिसतं, खोडाखोड सुरू होते, कागद मळतो आणि वही मिटते. चिंतेच्या माणसाला साध्या पद्धतीचं आत्मचित्र काढायला लावलं तर त्याचा जुनाच अनुभव पक्का होतो. म्हणून नियम बदलावा लागतो.

सर्वांत परिणामकारक नियम मला वाटतो तो कागदाकडे न बघण्याचा. त्याला ब्लाइंड काँटूर म्हणतात. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलायडीस यांच्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ या पुस्तकातून तो जगभरच्या कलाशाळांत पोचला. निकोलायडीस 1938 मध्ये वारले, पुस्तक 1941 मध्ये आलं. त्यांचं सांगणं असं होतं, की पेन्सिलीचं टोक कागदाला नव्हे, समोरच्या वस्तूलाच टेकलं आहे अशी खात्री मनाशी होऊ द्यावी आणि मगच हात हलवावा.

करायचं असं. साधा ए-फोर कागद घ्यावा आणि तो चिकटपट्टीने टेबलाला चिकटवावा, कारण बघायचं नाही म्हटल्यावर तो सरकतो. हातात बॉलपेन, म्हणजे खोडायचा प्रश्नच मिटला. समोर आरसा. पेनचं टोक कागदावर टेकवावं आणि नजर चेहऱ्यावर एका जागी न्यावी, समजा डाव्या कानाच्या पाळीखाली. तिथून एक मुंगी जबड्याच्या कडेने चालू लागली आहे असं धरावं. मुंगी जेवढी पुढे सरकेल तेवढीच नजर सरकवायची आणि तेवढंच पेन. थांबली तर थांबायचं. पेन उचलायचं नाही, कागदाकडे बघायचं नाही. वेळ दहा मिनिटं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात काही होत नाही. मग हनुवटीच्या वळणावर मान खाली वळू बघते. फक्त एकदा बघू, रेषा कागदाबाहेर तर गेली नाही ना? ही ओढ आश्चर्य वाटावं इतकी जोरदार असते. दात आवळले जातात, श्वास अडकतो, पेन कागदात रुतू लागतं. चिंता म्हणजे काय याचं इतकं सुटं, छोटं, निरुपद्रवी रूप दुसरीकडे क्वचित बघायला मिळेल. इथे पणाला काहीच लागलेलं नाही. नोकरी नाही, मार्क नाहीत, कुणी बघत नाही. तरी शरीर तेच करतं जे ते परीक्षेच्या आदल्या रात्री करतं. आणि बघायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे ती ओढ वाढते, माथ्यावर येते आणि, हे महत्त्वाचं, आपोआप ओसरते. तपासलं नाही तरी ओसरते. मुंगी तोवर नाकपुडीपाशी आलेली असते, आणि नाकपुडीची कड आत वळून अंधारात कशी जाते हे आयुष्यात पहिल्यांदा दिसत असतं.

दहा मिनिटांनी कागद बघावा. एक डोळा कपाळावर चढलेला असतो, ओठ गालाबाहेर, कान कुठे आहे ते शोधावं लागतं. कुणालाही दाखवलं तरी हा तुमचा चेहरा आहे असं तो म्हणणार नाही. पण त्याच कागदावर वरच्या पापणीची घडी बघा, किंवा नाकपुडी आणि ओठ यांच्या मधली खोबण. तो तुकडा विलक्षण खरा असतो. ठोकळेबाज बदाम नाही, तुमची पापणी. अख्खा चेहरा चुकला आणि प्रत्येक तुकडा बरोबर आला, असा हा अनुभव आहे. ‘एक तर सगळं बरोबर, नाहीतर सगळं वाया’ अशा हिशेबावर जगणाऱ्या मनाला या कागदाला कोणत्या खात्यात टाकावं ते कळत नाही. माझ्या मते या पद्धतीचं खरं काम इथे होतं.

मानसोपचाराला हे तत्त्व नवं नाही. ज्याची भीती त्याच्यासमोर थोडं थोडं उभं राहायचं आणि सुटकेचा नेहमीचा मार्ग वापरायचा नाही, हा चिंतेवरच्या उपचारांचा जुना पाया आहे. परफेक्शनिझमवरच्या उपचारात तर मुद्दाम छोटी चूक करून ‘बघू या काय होतं’ असे प्रयोग करवून घेतात. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा रोख ‘असंच झालं पाहिजे’ या मनातल्या हुकमांवर होता. ती पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोचवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. किशोर फडके यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा आणि एलिस यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू होता. एलिस लाज मोडण्याचा व्यायाम द्यायचे. भर रस्त्यात, कुणाला इजा न करता, काहीतरी हास्यास्पद करायचं आणि लोक बघत असताना आपण शाबूत राहतो हे अनुभवायचं. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं फिरवणं हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. कपाळावर डोळा असलेलं स्वतःचं चित्र काढून टेबलावर उघडं ठेवणं हा त्याच व्यायामाचा घरगुती, सौम्य प्रकार म्हणता येईल.

इतरही नियम आहेत आणि प्रत्येकाचा गुण निराळा. डाव्या हाताने, म्हणजे सवय नसलेल्या हाताने काढलं की सराईतपणा गळून पडतो. ज्यांचा हात चांगला आहे, त्यांना हे विशेष उपयोगी, कारण त्यांचा परफेक्शनिझम सफाईच्या आड लपलेला असतो. तीस सेकंदांचं घड्याळ लावून एकामागून एक चेहरे काढले की कुठलाच ‘तो’ चेहरा राहत नाही. एकाच कागदावर रोज कालच्या चित्रावरच आजचं काढत गेलं की आठवड्याने रेषांचं जाळं तयार होतं आणि त्यात जो चेहरा दिसतो, तो कुणीच ठरवून काढलेला नसतो. 

कोळशाने काढून पुसण्याच्या पद्धतीविषयी मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिचा एक थोर दाखला आहे. फ्रँक ऑयरबाख यांचा जन्म बर्लिनचा, 1931 चा. ज्यू असल्यामुळे 1939 मध्ये त्यांना एकट्याला इंग्लंडला पाठवलं गेलं. आईवडील ऑशविट्झमध्ये मारले गेले. लंडनमध्ये 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी कोळशाने माणसांची मोठाली डोकी काढली, त्यांत 1958 चं स्वतःचंही आहे. पद्धत अशी, की बैठक संपली की चित्र पुसून टाकायचं आणि पुढच्या बैठकीला त्याच काळवंडलेल्या कागदावर पुन्हा सुरू करायचं. असं महिनोन् महिने. पुसून पुसून कागद फाटायचा, मग त्याला मागून-पुढून ठिगळ लावून काम पुढे चालू. कोर्टोल्ड गॅलरीने 2024 मध्ये ही चित्रं एकत्र मांडली तेव्हा ती ठिगळं काचेमागे स्पष्ट दिसत होती, गालावरून, कपाळावरून गेलेली. ऑयरबाख त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले. उतारवयात, नव्वदी गाठताना, ते पुन्हा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळले होते.

वरवर पाहिलं तर हे परफेक्शनिझमचं टोक वाटेल. रोज पुसणं म्हणजे कधीच समाधान नाही. पण फरक आहे आणि तो कागदावरच दिसतो. शाळेतलं खोडरबर चूक नाहीशी करण्यासाठी असतं. झालंच नव्हतं असं दिसायला हवं. ऑयरबाखच्या कागदावर पुसलेलं सगळं उरतं. काळसर धूर होऊन, ओरखडे होऊन, ठिगळ होऊन. शेवटची रेषा त्या सगळ्यावर उभी असते आणि तिला वजन येतं ते खालच्या फसलेल्या दिवसांमुळे. घरी करायचं तर चारकोलची कांडी आणि जाड कार्ट्रिज कागद पुरे. काढा, तळहाताने पुसा, त्याच सावलीवर पुन्हा काढा. तीन-चार थरांनंतर पांढऱ्या कागदाची धास्ती राहत नाही, कारण पांढरा कागदच राहत नाही.

साम्य मागे सोडत गेलेल्यांतलं दुसरं नाव हेलेन श्येर्फबेक. फिनलंडच्या या चित्रकर्तीचा जन्म 1862 चा. चार वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली, कमरेचं हाड मोडलं आणि जन्मभर लंगडत चालावं लागलं. तिने साधारण चाळीस आत्मचित्रं केली. सुरुवातीची विलक्षण सफाईदार आहेत, तरुण मुलीचे गुलाबी गाल, जिवंत डोळे. मग सफाई एकेक करून गळत जाते. 1921 च्या अपूर्ण आत्मचित्रात तर चेहऱ्यावर रंग खरवडल्याच्या खुणा आहेत. शेवटची दोन वर्षं तिने स्वीडनमध्ये साल्टशेबाडनच्या एका हॉटेलात काढली. वय ऐंशीच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, आणि याच काळात तिने जवळजवळ वीस आत्मचित्रं केली. त्यांत डोळ्यांच्या खोबणी, उघडं तोंड, एक कान टोकदार, कधी नुसती कवटीची चाहूल. जानेवारी 1946 मध्ये ती गेली. ही चित्रं तिने मनःशांतीसाठी काढली असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ती अखेरपर्यंत चित्रकार म्हणून काम करत होती. पण विशीतलं चित्र आणि ऐंशीतलं चित्र शेजारी ठेवून बघावं. पहिल्यात कौशल्य दिसतं. दुसऱ्यात ती स्वतः दिसते, आणि साम्य त्यात जवळजवळ उरलेलं नाही.

आपल्याकडे रवींद्रनाथांचं उदाहरण सर्वांत बोलकं. 1924 च्या सुमारास ‘पूरबी’ या संग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द आणि ओळी एकमेकांना जोडत जोडत त्यांनी आकार काढले; त्यांतून पक्षी निघाले, श्वापदं निघाली, मुखवटे निघाले. साठी उलटल्यावर, शिक्षण नसताना, खाडाखोडीतून सुरू झालेली ही चित्रकला पुढे दोन हजारांवर चित्रांपर्यंत गेली. 1930 मध्ये पॅरिसला तिचं पहिलं प्रदर्शन झालं आणि त्या दशकात त्यांनी स्वतःचे चेहरेही काढले, गडद, गूढ, ओळख लपवणारे. खोडलेली ओळ ही कवीची चूक असते. तिला टाकून न देता तिच्यापासूनच पुढचं काम सुरू करणं, ही चुकीशी वागण्याची मला माहीत असलेली सर्वांत सुंदर रीत आहे.

मेरियन मिलनर यांचं ‘ऑन नॉट बीइंग एबल टु पेंट’ हे 1950 चं पुस्तक या विषयावर आजही वाचावं असं आहे. त्या ब्रिटिश मनोविश्लेषक. चित्र नीट का येत नाही याचा शोध त्यांनी स्वतःवरच घेतला. ठरवून काढलेलं चित्र निर्जीव व्हायचं. हाताला मोकळं सोडून काढलं की काही वेगळंच उमटायचं. शांत निसर्गदृश्याच्या इच्छेने बसावं आणि कागदावर पेटलेलं माळरान यावं. त्यांच्या ध्यानात आलं की हात अडत नव्हता, ताबा सुटण्याची भीती अडवत होती.

चित्र झाल्यावर त्याचं काय करायचं? अर्थ लावायला बसू नये. ‘डोळा मोठा आला म्हणजे भीती, तोंड लहान म्हणजे दबलेला राग’ असली कोष्टकं विश्वासार्ह नाहीत, आणि ती परफेक्शनिझमच्या हातात नवी छडी देतात. त्यापेक्षा मागच्या बाजूला तारीख घालावी आणि साध्या गोष्टी टिपाव्यात. पेन कुठे रुतलं, कुठे घाई झाली, कुठे बघायची ओढ आली, चेहऱ्याचा कोणता भाग टाळला. टाळलेला भाग बहुतेक वेळा आरशासमोरही आपण टाळत असतो. महिन्याभराची चित्रं एकदम जमिनीवर मांडली की एकेकट्या चित्राविषयीचा ‘चांगलं-वाईट’ हा प्रश्न फिका पडतो.

याने किती फरक पडतो, याबद्दल बेताने बोलायला हवं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटं मार्कर, माती, कोलाज असं जे हवं ते केलं. त्यातल्या साधारण 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. चित्रकलेचा पूर्वानुभव असला-नसला तरी फारसा फरक पडला नाही, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. पण माणसं थोडी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. कलोपचार ही स्वतंत्र विद्या आहे. एड्रियन हिल या चित्रकाराने क्षयाच्या सॅनेटोरियममधल्या अनुभवानंतर 1942 मध्ये तिला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं, आणि आज ती प्रशिक्षित माणसं करतात. घरी आरशासमोर बसणं म्हणजे थेरपी नव्हे.

काहींनी तर हे आरशासमोर करूच नये. ज्यांना आपल्या चेहऱ्यात काहीतरी भयंकर व्यंग आहे असं सतत वाटतं, जे तासन् तास आरशात तेच तपासतात किंवा आरसाच टाळतात, त्यांच्या बाबतीत हा नाद आजाराला खतपाणी घालू शकतो. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. चित्रच काढायचं असेल तर डोळे मिटून, बोटांनी स्वतःचा चेहरा चाचपत काढावं. आरसा लागत नाही आणि गालाचं हाड कुठे संपतं हे बोटांना नीट कळतं. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, कामाला हात लावणंच बंद झालं असेल तर सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आणखी एक धोका शहाण्या माणसांना असतो. वाकडी चित्रंही सुरेख वाकडी यायला हवीत, असा नवा हट्ट धरला जातो. वही देखणी होऊ लागते, निवडक पानं इन्स्टाग्रामवर जातात, लाइक मोजले जातात आणि आपण पुन्हा ह्यूइट-फ्लेटच्या तिसऱ्या प्रकारात येऊन बसतो. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. पहिले काही महिने ही चित्रं कुणाला दाखवू नयेत, आणि कागद स्वस्तातला वापरावा, पाठकोरे कागद सर्वांत उत्तम.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ग्रेड परीक्षेची तयारी जरूर करून घ्या, लंबवर्तुळं घोटून घ्या. पण महिन्यातून एक तास असा ठेवा, ज्यात खोडरबरं गोळा करून टेबलावर ठेवलेली असतील, प्रत्येकाच्या हातात एक छोटा आरसा आणि बॉलपेन असेल, आणि त्या तासाच्या चित्रांना मार्क नसतील, शेरा नसेल, भिंतीवर लावण्यासाठी निवडही नसेल. मुलांनी ती चित्रं आपापल्या दप्तरात घालून घरी न्यावीत. आणि पालकांनो, चित्र बघून ‘हे कोण?’ असं विचारू नका. ‘काढताना सगळ्यात अवघड काय गेलं?’ एवढंच विचारा.